ऱ्होडियम : एक दुर्मिळ धातू



सोन्याचांदीची ओळख आपणा सर्वांना आहे. परंतु भावात सोन्यालाही मागे टाकणारा ऱ्होडियम नावाचा धातू फारसा कोणाला ठाऊक नसतो. इंग्रज शास्त्रज्ञ वोलास्टन यांनी 1804 साली त्याचा शोध जाहीर केला. त्याचे काही क्षार गुलाबी असतात, म्हणून गुलाबाच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले. त्याचा अणुक्रमांक 45. सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते, तर हा 1964 अंशांना. तो हवेत काळा पडत नाही आणि नायट्रिक आम्लालाही दाद देत नाही. प्लॅटिनमच्या खनिजातून तो थोडाथोडा मिळतो, तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत.

अशा धातूचा नामपूरशी काय संबंध, असे कोणी विचारील. सराफ चांदीच्या दागिन्याला जे ‘रोडियम पॉलिश’ करून देतो, ते याचेच. शेतात टाकण्याचे ‘सुफला’ खत ट्रॉम्बेच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये तयार होते. त्याला नायट्रिक आम्ल लागते. हे आम्ल बनविताना अमोनिया व हवा प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तप्त जाळीतून सोडतात. जाळी क्रिया घडवून आणते, पण स्वतः क्रियेत खर्ची पडत नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

पेट्रोल मोटारीच्या धुराच्या नळीतही असाच एक उत्प्रेरक डबा असतो. 1995 साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्यातील ऱ्होडियम विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. पेट्रोलमधील शिशाने हा डबा निकामी होतो. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, त्यामागे हेही एक कारण होते.

पालकहो, “दहावी झाली, आता गॅरेजवर बसव,” असे आपण सहज म्हणतो. गॅरेजचे काम मानाचेच आहे. परंतु ज्याला हे ज्ञान नाही, तो मुलगा हा डबा साध्या लोखंडाच्या भावात भंगारात घालील, नाहीतर अडचण समजून काढून टाकील. पहिल्यात गाडीमालकाचा तोटा, दुसऱ्यात गावातील लेकराबाळांच्या छातीला धूर. म्हणून मुलगा असो वा मुलगी, निदान बारावीपर्यंत विज्ञान शिकू द्या. मग धंदा कोणताही करोत.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर खताच्या गोणीवरील आकडे वाचा आणि त्यांचा अर्थ शाळेत येऊन विचारा.