एका अणूची यदृच्छा, अब्जावधी अणूंचा नियम

थायरॉइडच्या कर्करोगावरील उपचारात आयोडीन-१३१ दिले जाते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे आठ दिवसांचा आहे. त्यातला एखादा अणू आज फुटेल की महिन्याने, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. हुबेहूब सारख्या दोन अणूंपैकी एक या क्षणी फुटतो, दुसरा तसाच राहतो. तरीही डॉक्टर मात्रा ठरवतात आणि त्यांचा हिशेब बिघडत नाही.

विश्वातील सर्व कणांची स्थिती आणि सर्व बले जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल, असे लाप्लासने १८१४ मध्ये लिहिले. पुंजयामिकीने या नियततावादाला धक्का दिला, पण तो नेमका कुठे, हे नीट पाहायला हवे. श्रोडिंगरचे १९२६ चे समीकरण स्वतः काटेकोरपणे नियत आहे. कणाच्या अवस्थेचे गणिती वर्णन म्हणजे तरंग फलन; आजच्या तरंग फलनावरून उद्याचे एकच तरंग फलन निघते. यदृच्छा शिरते ती मोजमापाच्या वेळी. तरंग फलनातून फक्त संभाव्यता मिळते, हे त्याच वर्षी मॅक्स बोर्नने मांडले.

मग रोजचे जग इतके भरवशाचे कसे? मुख्य कारण संख्येत आहे. आयोडीन-१३१ चे शंभरच अणू असतील तर आठ दिवसांनी पन्नासच्या जागी बेचाळीस किंवा सत्तावन्न उरणे सहज शक्य आहे. एका मायक्रोग्रॅममध्ये मात्र सुमारे साडेचार हजार लाख कोटी अणू असतात, आणि तिथे अपेक्षित आकड्यापासूनचा फरक दहा कोटींत एकदोन भागांपुरता उरतो. नियम यदृच्छेला बाजूला सारून येत नाही, तो तिच्यातूनच घडतो.

दुसरे कारण वस्तुमान. हायझेनबर्गच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वानुसार क्रिकेटच्या चेंडूचे स्थान एका मायक्रोमीटरपर्यंत नक्की केले, तर त्याच्या वेगात राहणारी किमान अनिश्चितता इतकी सूक्ष्म असते की, विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयाएवढ्या काळातही तिच्यामुळे पडणारा फरक जेमतेम एका अणूच्या व्यासाइतका भरेल.

पण अणूंची यदृच्छा आणि रोजचे जग यांमधली ही भिंत सलग नाही. गायगर गणकात एका अणूच्या विघटनातून निघालेला कण वायूत विद्युतभारांचा लोंढा सुरू करतो आणि खट् असा आवाज ऐकू येतो. तो आवाज रोजच्या जगातला आहे, त्याची वेळ मात्र कशानेही ठरलेली दिसत नाही. किरणोत्सारामुळे पेशीतील डीएनएत होणारा एखादा बदलही असाच पुढे वाढत जाऊ शकतो.

ही यदृच्छा म्हणजे आपलेच अज्ञान, असे म्हणण्याची वाट पूर्ण बंद नाही. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये नियत पर्याय उभा केला. पण जॉन बेलचे १९६४ चे प्रमेय आणि आलँ आस्पे यांचे १९८२ चे प्रयोग यांनंतर अशा सिद्धांताला जबर किंमत मोजावी लागते: दूरच्या कणांमधला तात्काळ प्रभाव मान्य करावा लागतो.