गीतरामायणाचा श्रोता

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आकाशवाणीवरील ‘आपली आवड’ हा कार्यक्रम ज्यांनी ऐकला आहे, त्यांना गाण्याआधी वाचली जाणारी नावांची लांबलचक यादी निश्चित आठवत असेल. गावोगावची ती नावे संपता संपत नसत आणि मग जे गीत लागे, ते बहुधा सर्वांनी असंख्य वेळा ऐकलेलेच असे. ज्या गीतातला शब्द न् शब्द पाठ आहे, कोणती हरकत कोठे येणार हे ठाऊक आहे, तेच पुन्हा ऐकायला मिळावे म्हणून माणूस पोस्टकार्ड लिहितो, ते पेटीत टाकतो आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहतो. बातमी दुसऱ्यांदा ऐकावीशी वाटत नाही. कथाही दोन-तीनदा वाचून झाली की कपाटात जाते. गीताचे मात्र असे होत नाही.

आवडते गीत आवडते का होते, या प्रश्नाला ‘चाल गोड आहे’, ‘शब्द सुंदर आहेत’, ‘आवाज दैवी आहे’ अशी उत्तरे दिली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. गोड चालींची, सुंदर शब्दांची कितीतरी गाणी विस्मृतीत गेली. म्हणून या प्रश्नाचा विचार एकाच कलाकृतीच्या आधारे केलेला बरा आणि मराठी मनाच्या बाबतीत ती कलाकृती कोणती, हे सांगण्यासाठी मतदान घेण्याची आवश्यकता नाही. कविवर्य ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण हीच ती कलाकृती.

त्याचा जन्म एका नव्याने सुरू झालेल्या नभोवाणी केंद्राच्या गरजेतून झाला. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. तो काळ मोठा चमत्कारिक होता. केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती आणि श्रोते सिलोनकडे वळले होते. ‘बिनाका गीतमाला’ 1952 साली सुरू झाली ती याच सुमारास. अशा वेळी आकाशवाणीला स्वतःचे, दर्जेदार आणि तरीही लोकांना ओढून घेणारे संगीत हवे होते. पुणे केंद्रावरील अधिकारी, मूळचे गोव्याचे सीताकांत लाड, हे माडगूळकरांचे स्नेही. वर्षभर चालेल असे काहीतरी लिहा, हा त्यांचा आग्रह आणि त्या आग्रहातून गीतरामायणाची कल्पना पुढे आली.

1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार. त्या सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. या गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि माडगूळकरांनी ते थोड्या मिनिटांत पुन्हा लिहून दिले, अशी आठवण सांगितली जाते. वर्षाच्या बावन्न आठवड्यांसाठी बावन्न गीते, असा मूळ संकल्प होता. परंतु त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि पुढची रामनवमी 19 एप्रिल 1956 पर्यंत लांबली. गीते छप्पन्न झाली ती अशी, पंचांगाच्या कृपेने. आधुनिक ध्वनिक्षेपकावरून होणारा कार्यक्रम आणि त्याची लांबी ठरवतो अधिक मास, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रसारणाची रीत पाहावी, कारण लोकप्रियतेचे एक रहस्य तेथे आहे. नवे गीत शुक्रवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास लागे आणि तेच गीत शनिवारी व रविवारी पुन्हा त्याच वेळी ऐकवले जाई. पहिल्या दिवशी श्रोता कथेत गुंतलेला असे. दुसऱ्या दिवशी त्याला चाल ओळखीची वाटू लागे. तिसऱ्या दिवशी ध्रुवपद त्याच्या ओठांवर आलेले असे. नंतरचे चार दिवस नवे काही नसे. ते गीत एकटेच घरभर वावरत राही, विहिरीवर, स्वयंपाकघरात, कचेरीच्या वाटेवर. वृत्तपत्रे गीतांचे शब्द छापू लागली आणि ती कात्रणे वहीत चिकटवली जाऊ लागली. रेडिओ त्या काळी घरोघर नव्हता, त्याला परवाना लागे. त्यामुळे ज्याच्याकडे संच असे, त्याच्या ओसरीवर शेजारपाजार जमे. कोणी संचाला हार घाली, कोणी उदबत्ती लावी. आज याला भाबडेपणा म्हणून हसणारे आहेत. पण एखादे गीत ऐकण्यापूर्वी स्नान करून बसणारा श्रोता त्या गीताला जे देतो, ते कोणत्याही संगीतकाराला विकत मिळत नाही.

अर्थात नुसत्या वाट पाहण्याने गीत मोठे होत नाही. आठवडाभर मनात घोळवल्यावरही जे विटत नाही, तेच टिकते. माडगूळकर मूळचे माणदेशातले. कीर्तन, भजन, ओवी, पोवाडा यांच्या संस्कारात वाढलेले. त्यातच चित्रपटांसाठी लेखन केल्यामुळे कथेचा नेमका क्षण पकडून तो मोजक्या कडव्यांत उभा करण्याची विद्या त्यांना अवगत झाली होती. त्यांनी रामायण ‘सांगितले’ नाही. प्रसंगातील एकेका व्यक्तीला बोलते केले. अपत्यासाठी झुरणारी कौसल्या बोलते, शापातून सुटलेली अहल्या बोलते, रथ अडवणारे अयोध्येचे नागरिक बोलतात, रिकामा रथ घेऊन परतलेला सुमंत बोलतो, शबरी, जटायू, शूर्पणखा, एवढेच काय, कुंभकर्णही बोलतो. ज्याला त्याला आपापले वय, आपापले दुःख आणि आपापला आवाज लाभला.

यामुळे काय झाले? प्रत्येक श्रोत्याला बसायला जागा मिळाली. रामासारखे आपण नाही, हे सामान्य माणूस पक्के जाणून असतो. पण मुलगा दूरदेशी निघाला की कौसल्येचे मन कोणत्याही आईला परके राहत नाही. गावातील रामनवमीच्या उत्सवात, भर दुपारी पाळणा हलत असता स्त्रिया जन्माचे गीत म्हणतात, तेव्हा त्या कार्यक्रम सादर करत नसतात. त्या सोहळ्यातल्याच होऊन जातात. सेतुबंधनाचे गीत शाळाशाळांतून मुले म्हणतात. त्याच्या लयीतच दगड उचलण्याचा, एकाने दुसऱ्याच्या हाती देण्याचा ठेका आहे. ते एकट्याने गायला गेले तर अर्धे वाटते.

सुधीर फडके यांचे श्रेय येथे निराळेपणाने सांगावे लागते. त्यांचे मूळ नाव रामचंद्र, जन्म कोल्हापूरचा, 1919 सालचा, म्हणजे माडगूळकरांच्याच वर्षीचा. आकाशवाणीवरील मूळ प्रसारणात गायक अनेक होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, सुरेश हळदणकर, ललिता फडके अशी ती मांदियाळी. परंतु गावोगावी, मैदानात आणि मंदिरात, पुढची कित्येक दशके बाबूजींनी ही सारी गीते एकट्याच्या कंठाने पोहोचवली आणि ध्वनिमुद्रिकांमुळे तोच आवाज घरात राहायला आला. त्यांच्या गायनात शब्द कधी मोडत नाही. जोडाक्षर तुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घ बिघडत नाही, वाक्य जेथे श्वास मागते तेथेच श्वास घेतला जातो. मोठमोठे गवई तानेच्या मोहात शब्दाचा बळी देतात. बाबूजींनी तसे केले असते, तर श्रोत्याने दाद दिली असती, पण गीत उचलले नसते. चाल शिकलेली नसतानाही म्हणावीशी वाटावी, हा त्यांच्या रचनेचा गुण आहे. तीच गीते त्याच चालींवर संस्कृत, हिंदी, कन्नड, कोंकणी अशा भाषांत गेली आणि तेथेही म्हटली जातात.

एकाच गीताकडे थोडे थांबून पाहावे. चित्रकूटावर भरत रामाला परत न्यायला आला आहे. वडील गेल्याची वार्ता त्याने आणली आहे. अशा वेळी राम त्याला जे सांगतो, ते गीत महाराष्ट्रात किती शोकसभांत आणि किती घरांतल्या तेराव्याच्या दुपारी लावले गेले असेल, याची गणती अशक्य आहे. नुसते ‘चित्रकूट’ म्हटले तरी ते ओठांवर येते. त्यातील महासागरात क्षणभर जवळ येऊन दूर जाणाऱ्या ओंडक्यांचा दृष्टान्त वाल्मीकींच्या अयोध्याकांडात आहे. माडगूळकरांनी तो इतक्या साध्या मराठीत आणला की तो आता आजीच्या बोलण्यातला वाटतो. फडके यांनी त्यासाठी रडवा सूर निवडला नाही. यमनकल्याणासारखी प्रशांत, संध्याकाळची सुरावट निवडली. दुःखात असलेल्याला आणखी रडवणारे गीत क्षणभर आवडते आणि मग टाळले जाते. हे गीत टाळले जात नाही, कारण बोलणाऱ्याचे वडीलही नुकतेच गेलेले आहेत. सांत्वन करणारा स्वतः पोरका झालेला आहे, हे ऐकणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. घरातले कोणी गेल्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शब्द अंगावरून ओघळून जातात आणि या गीताचे राहतात, ते याचमुळे.

तथापि गीतरामायणाची खरी परीक्षा राज्याभिषेकानंतर आहे. तेथे थांबणे किती सोपे होते! जयजयकार झाला, दीप उजळले, आनंदीआनंद झाला. उत्सवी श्रोत्याला आणखी काही नको असते. माडगूळकर थांबले नाहीत. शेवटून दुसऱ्या गीतात गर्भवती सीता अरण्यात उभी आहे आणि लक्ष्मणाला, आपण आता कोठे जावे, हे विचारते आहे. या प्रश्नाला गीतात उत्तर नाही. कवी रामाच्या बाजूने वकिली करीत नाही, सीतेच्या मुखी शापही घालीत नाही. रामावर नितांत भक्ती असलेल्या घरांनी, ज्यांनी त्या वर्षी संचाला हार घातले होते त्यांनीच, हा प्रश्नही हात जोडून ऐकला. कोणी संच बंद केला नाही. भक्ती कच्ची असेल तर असा प्रश्न सहन होत नाही. काही हौशी मंडळी कार्यक्रमातून हे गीत गाळतात, ‘शेवट गोड व्हावा’ म्हणून. त्यांनी वेळ वाचवला असेल, पण गीतरामायण अर्धे टाकले. कारण पहिल्या गीताचा अर्थ येथे येऊन उलगडतो.

पहिले गीत आठवावे. तेथे कथा सुरू होण्यापूर्वी एक दृश्य आहे. सभा भरली आहे, दोन कुमार गात आहेत आणि प्रत्यक्ष राम ते ऐकत बसला आहे. म्हणजे छप्पन्न गीतांच्या या काव्यात सर्वांत आधी भेटतो तो श्रोता. आणि तो श्रोता ऐकतो आहे ते स्वतःचेच आयुष्य, दुसऱ्याच्या तोंडून, सुरात. 1955 च्या रामनवमीला हे गीत मंगलाचरणासारखे वाटले असणार. भूपाची ती सोज्ज्वळ चाल, पुत्रांचे गोड गाणे, सारेच प्रसन्न. पण वर्षभर शुक्रवार पाळलेला श्रोता जेव्हा शेवटी सीतेच्या त्यागापाशी पोहोचतो आणि त्यानंतर शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोन बालकांना रामायण गाण्याची आज्ञा करतात, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की सभेत गाणारी ती मुले त्याच अरण्यात जन्मली आहेत. शेवटचे गीत पहिल्याकडे परत पाठवते. त्यानंतर पहिले गीत लागले, की ते तसे प्रसन्न राहत नाही. त्यातला आनंद तोच असतो, त्याच्या पोटात सीता असते. तेच गीत पुन्हा ऐकण्यासाठी पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला जे हवे असते, ते हेच. गीत बदललेले नसते, मधल्या काळात ऐकणाऱ्याचे आयुष्य पुढे सरकलेले असते.

आज खिशातल्या यंत्रात ही छप्पन्न गीते बोटाच्या एका स्पर्शाने मिळतात. हे चांगलेच आहे. परदेशातील महाराष्ट्र मंडळांतून पुढची पिढी ती शिकते, हेही चांगलेच. मात्र घरात गीत वाजणे आणि घरात गीत म्हटले जाणे यांत अंतर आहे आणि ते वाढत चालले आहे. आजोबांना कडवी पाठ, वडिलांना ध्रुवपद, नातवाला फक्त चाल ओळखीची, अशी उतरंड अनेक कुटुंबांत दिसते. एका शुक्रवारचे गीत रविवारपर्यंत तीनदा ऐकण्याची जुनी रीत कोणत्याही घरात, कोणत्याही केंद्राच्या परवानगीवाचून, आजही चालू करता येते. छप्पन्न आठवडे म्हणजे वर्षाहून थोडा अधिक काळ.

वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात या गायनाचा प्रसंग विस्ताराने आला आहे. गायला पाठवताना वाल्मीकी मुलांना बजावतात की धनाचा लोभ धरू नका. कंदमुळे खाणाऱ्या आश्रमवासीयांना धनाचे काय काम? यज्ञमंडपात गायन होते. राम संतुष्ट होऊन अठरा सहस्र सुवर्णमुद्रा देण्याची आज्ञा करतो आणि मुले त्या नाकारतात. मग राम कित्येक दिवस ऋषींसह, राजांसह, वानरांसह ते गीत ऐकत राहतो. आणि ही मुले सीतेची आहेत, हे त्याला कोणी येऊन सांगत नाही. ते त्याला त्या गीतातूनच कळते.