कारणाचा शोध आणि आईबापांचे मन

मूल अंध किंवा पंगू जन्मले, तर आईबापांच्या दुःखाला निदान नाव तरी असते. पण ज्याचे अवयव धडधाकट, चेहरा टवटवीत, आणि तरीही जे हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, त्या मुलाच्या आईबापांच्या मनात एकच प्रश्न घर करतो : हे कशामुळे झाले? बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या अवस्थेला आपण आज स्वमग्नता म्हणतो.

ही अवस्था उपजत असावी, असे कॅनर यांनी आरंभी म्हटले होते. परंतु या मुलांचे आईबाप स्वभावाने थंड असतात, अशीही नोंद त्यांनी केली होती, आणि पुढे त्या नोंदीलाच बळ चढले. मायेची ऊब न मिळाल्याने मूल गोठते, असे विद्वान सांगू लागले. रात्र रात्र उशाशी बसणारी आईच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

या आरोपाला उत्तर दिले ते एका पित्याने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलाच्या सेवेतील मानसशास्त्रज्ञ. १९५६ साली जन्मलेला त्यांचा मुलगा अखंड रडे. महाविद्यालयात वाचलेले एक वर्णन त्यांच्या पत्नीला आठवले, जुने पाठ्यपुस्तक धुंडाळले गेले, आणि नाव सापडले. मग रिमलँड यांनी या विषयावरील लिखाण पालथे घातले. आईच्या दोषाचा पुरावा त्यांना कोठेही आढळला नाही. याच आईबापांची इतर मुले बहुधा निकोप असतात, मग दोष संगोपनाचा कसा? कारण मेंदूच्या घडणीत शोधावे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९६४ साली निघाला. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील एकवीस जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या, तेव्हा आनुवंशिकतेचा भाग स्पष्ट झाला.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. याच रिमलँड यांनी पुढे लसींवर संशय धरला. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांविषयी आलेल्या निबंधाने तो संशय जगभर पसरविला. डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात गोवराच्या संयुक्त लसीशी संबंध आढळला नाही, आणि २०१० साली तो निबंध नियतकालिकाने मागे घेतला. पहिल्या वेळी पित्याचे प्रेम पुराव्याच्या मागे चालले. दुसऱ्या वेळी ते पुराव्याच्या पुढे धावले. पहिल्याने असंख्य मातांची मान वर झाली. दुसऱ्याने पुष्कळ मुले लसीवाचून राहिली.

आज इतके कळले आहे की कारण एक नाही. अनेक जनुकांचा त्यात वाटा आहे, आणि आईच्या मायेला त्यात दोष नाही. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे. तरीही एखाद्या घरी सुनेलाच बोल लावला जातो. प्रश्न विचारण्याचा आईबापांचा अधिकार निर्विवाद आहे. उत्तर मात्र कसोटीला उतरले पाहिजे. आणि ते मिळेतो मूल वाढावयाचे थांबत नाही. त्याला आज हवी आहे शाळा, धीर धरणारा शिक्षक, आणि स्वतःला दोषी न मानणारे आईबाप.