होडीतले घर आणि घरातली होडी



आपले अकलूज नीरेच्या काठी. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते. होडी आपल्याला नवी नाही. पण होडीतच रांधायचे, होडीतच निजायचे, आणि मोडले तर तिथेच दुरुस्त करायचे, हे काही आपण केलेले नाही. त्याच्याच चार गोष्टी आज आम्ही सांगणार आहोत.

गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात शिडाची एक होडी बांधली. लांबी ५६ फूट. नाव ‘म्हादेई’. मांडवीलाच वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. ही होडी घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चार बंदरांत थांबले. पृथ्वीला फेरी घालून मे २०१० मध्ये परत आले. एकट्याने शिडाच्या होडीतून अशी फेरी पुरी करणारे ते पहिले भारतीय.

आता विचार करा. भर समुद्रात सुतार नाही, लोहार नाही, दुकान नाही. मग मोडले तर? दोंदे होडीचे बांधकाम चालू होते तेव्हापासून तिच्यापाशी होते. जो बांधताना बघतो, त्याला दुरुस्ती सापडते.

आपल्यासारख्या उष्ण मुलुखात होडीला वैरी फार. पहिले मीठ. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, विजेच्या तारांचे सांधे हिरवे पडतात. दुसरे ऊन. उन्हाने शीड कुजते, दोर कडक होऊन तुटतात. तिसरा दमटपणा. अंथरुणाला, कपड्यांना, धान्याला बुरशी धरते. चौथे वैरी पाण्याखाली. होडीच्या बुडाला शेवाळ आणि कवचाचे बारीक जीव चिकटतात. होडी जड होते, चाल मंदावते.

म्हणून होडीत राहणारा माणूस रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, एक फेरी मारतो. दोर कुठे घासतो ते बघतो, कारण दोर घासतो तिथेच तुटतो. शिडाची शिवण उसवली तर लगेच टाका घालतो. तळात पाणी साचले का बघतो. साचले असेल तर नुसते उपसून थांबत नाही, आले कुठून ते शोधतो. पाऊस आला की गोड्या पाण्याने मीठ धुऊन घेतो. पान्याला दोरी बांधून ती मनगटाला अडकवतो. पाना हातातून सुटला की समुद्राचा झाला!

इतके करूनही बिघाड होतोच. सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ नावाच्या होडीतून पृथ्वीच्या फेरीला निघाल्या. हीसुद्धा दिवाडीलाच बांधलेली. परतीच्या वाटेवर, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूच्या यंत्रात बिघाड झाला. त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात होडी थांबवली, दुरुस्ती झाली, मगच पुढे निघाल्या. २१ मे २०१८ रोजी गोव्यास सुखरूप पोचल्या. घर जवळ आले म्हणून तसेच रेटले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आपल्या कोकणातल्या कोळ्यांना हे शहाणपण जुने आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात. बूड खरवडतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरतात. लाकडाला तेल पाजतात. काजूच्या टरफलाचे तेल लावले की लाकडाला कीड लागत नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हाला कुठे समुद्रावर जायचे आहे? खरे आहे. पण आपल्याच जिल्ह्यात उजनीचे पाणी आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात बुडाली. सहा जीव गेले. त्यांत लहान लेकरेही होती. वारा काही आपल्या हातात नाही. पण आभाळ बघून थांबणे आपल्या हातात आहे. होडी धड आहे का, अंगात घालायची तरंगती जाकिटे सर्वांना पुरतील इतकी आहेत का, हे चढायच्या आधी विचारणे आपल्या हातात आहे. विचारायला लाजू नका. नावाडी ओळखीचा असला तरी विचारा.

आणखी एक. लांबच्या होडीवर एक वही असते. आज काय तपासले, काय बदलले, कुठला सुटा भाग संपत आला, ते रोज लिहितात. आता तुम्हालाही लिहिता येते. मग घरी एक वही करा. विहिरीवरच्या मोटारीला तेल कधी घातले, फवारणीचा पंप कधी धुतला, गाडीची चाके कधी बघितली, ते तारीख घालून लिहा. दोन ओळी पुरेत. डोक्यातले विसरते, वहीतले राहते.

आज घरी गेल्यावर पहिली ओळ लिहा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या. आम्ही बघू.