सळईवरचें कवच



आपल्या डोक्यावरचा स्लॅब दगडासारखा टणक दिसतो. म्हणून तो चिरंजीव आहे, अशी आपली समजूत असते. गोव्यांतील मांडवी नदीवरचा पूल १९८६ सालीं कोसळला, तेव्हां तो बांधून दोन दशकेंही झालीं नव्हतीं. त्याच्या काँक्रीटच्या पोटांतील पोलाद गंजलें होतें. जें पुलाचें, तेंच घराचें. तेव्हां सळयांचें काँक्रीट कशानें टिकतें, एवढेंच आज पाहूं.

काँक्रीट दाब सोसतें, पण ताण सोसत नाहीं. त्यासाठीं त्यांत सळया घालतात. उष्णतेनें दोन्ही पदार्थ जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून त्यांचा संसार सुखाचा होतो. शिवाय सिमेंटांत चुन्याचा तीव्र क्षारगुण असल्यामुळें सळईवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तो शाबूत असेपर्यंत ती गंजत नाहीं. त्या पापुद्र्याचे वैरी दोन : हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु आणि समुद्रावरून येणारें मीठ. पहिला हा क्षारगुण हळूहळू नाहींसा करतो. दुसरें पापुद्र्यालाच छेद देतें.

शाळेंत आम्ही मुलांना तीन खिळ्यांचा प्रयोग दाखवीत असूं. कोरड्या हवेंतला खिळा गंजत नाहीं, तेलाखालच्या उकळलेल्या पाण्यांतलाही नाहीं. साध्या पाण्यांतला मात्र गंजतो. अर्थात् गंजाला हवा व पाणी दोन्ही लागतात. पापुद्रा गेला कीं सळईचेंही तेंच होतें, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते! ती तो काँक्रीट फोडून घेतो.

ह्या वैऱ्यांना अडवितो तो सळईवरचा काँक्रीटचा थर. गवंडी त्याला 'कव्हर' म्हणतात. २००० सालच्या भारतीय मानकाप्रमाणें आडोशाच्या जागीं तो साधारणतः २० मिलिमीटर, तर सागरी हवा थेट लागते तेथें ४५ मिलिमीटर हवा. सळयांखालीं ठोकळे ठेवण्याचा कंटाळा केला, कीं इमारतीचें आयुष्य तेथेंच तुटतें.

पण थर नुसता जाड असून भागत नाहीं. तो घट्टही हवा. मिश्रण सैल व्हावें म्हणून त्यांत वरून पाणी ओततात. सिमेंटशीं संयोग पावून उरलेलें पाणी उडून जातें व मागें छिद्रें ठेवतें. समुद्रकांठीं ५० किलोच्या गोणीस, वाळूंतील ओल धरून, साडेबावीस लिटरांहून अधिक पाणी नको. काँक्रीट घट्ट झाल्यावर मात्र पाण्याची कंजुषी नको. तें सुकून नव्हे, पाणी पिऊन कठीण होतें. साधें सिमेंट असल्यास किमान ७ दिवस, राखमिश्रित असल्यास किंवा कडक उन्हांत १० दिवस तें ओलें राखावें.

हा केवळ आपल्या पैशांचा प्रश्न नाहीं. सिमेंटासाठीं चुनखडी सुमारें १४५० अंश उष्णतेवर भाजतात. मनुष्याच्या हातून जगांत सुटणाऱ्या कर्बद्विप्राणिदापैकीं सुमारें ७ ते ८ टक्के वांटा एकट्या सिमेंटाचा. वीजकेंद्रांतील राख वा लोहभट्टीचा दळलेला स्लॅग मिसळून सिमेंट वांचवितां येतें, आणि छिद्रेंही बुजतात. पण सर्वांत मोठी बचत म्हणजे बांधलेलें घर लौकर पुन्हां बांधावें न लागणें.

म्हणून न्हाणीघराखालच्या छतावर तांबूस डाग पडले, सळईच्या रेषेंत चीर गेली, वा ठोकतांना पोकळ आवाज आला, तर त्यावर गिलावा व रंग चढवूं नये. रोग आंत वाढतच राहतो. आधीं गळती थांबवावी आणि जाणत्या अभियंत्यास बोलवावें. पहिल्या चिरेला खर्च येतो तो डागडुजीचा. ती दुर्लक्षिली, तर पुढचा खर्च नव्या घराचा.