लाल पान आणि पांढरे पान

जिथून रेल्वेच्या वॅगनी भरून केळी दिल्लीला जाते, त्या सावद्यात कपाशीच्या पानांवर व्याख्यान ठेवले, तर श्रोत्यांनी गालातल्या गालात हसणे साहजिकच आहे. तथापि केळीवरील करपा लांबून ओळखणाऱ्या नजरेला कपाशीचे पान अवघड जाऊ नये.

येथे मांडावयाचे प्रतिपादन एकच आहे, ते असे की ऑक्टोबरपासून कपाशीवर मारले जाणारे बुरशीनाशक पुष्कळदा बुरशी नसलेल्या पानांवर पडते. पाने लाल करणारा लाल्या हा बुरशीजन्य रोगच नव्हे. बोंडे एकदम भरू लागल्यावर नत्र व मॅग्नेशियम कमी पडले, रात्री अचानक गार झाल्या, शेतात पाणी साचले किंवा तुडतुड्यांनी रस शोषला, म्हणजे पानातील हरितद्रव्य घटून लाल रंगद्रव्य वाढते. त्यावर २ टक्के युरिया अथवा डीएपी आणि वेगळ्या फवारणीत १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट उपयोगी पडते, बुरशीनाशक मात्र नाही. कृषी सेवा केंद्रांवर हा ठपका नव्हे, कारण पान न आणता औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार तरी काय देणार? (पुढच्या रांगेने कृपया रागावू नये.)

खरा बुरशीजन्य रोग दहिया होय. पानाच्या खालच्या बाजूस, शिरांनी अडवलेल्या कोनाकार ठिपक्यांवर दही शिंपडल्यासारखी पांढरी भुकटी दिसते. ती रॅम्युलॅरिया या बुरशीच्या बीजाणूंची, म्हणजे तिच्या सूक्ष्म बियांची असते. देशी कपाशीवर तो पूर्वीपासून अधिक येत असला, तरी आता संकरित वाणांवरही दिसतो, आणि दव व ढगाळ हवामान त्याला मानवते. अल्टरनेरिया या दुसऱ्या बुरशीच्या ठिपक्यांत मात्र एकात एक तपकिरी वर्तुळे असतात.

फवारणी केव्हा करावी, हे समजण्यासाठी बोर्दोची हकिगत उपयोगी आहे. फ्रान्समधील त्या भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत; १८८२ मध्ये केवडा रोगाने आतल्या वेलींची पाने गळाली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्याच राहिल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ मध्ये त्या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. खानदेशात ही युक्ती चालली नसती, कारण येथे घड तोडणारा बहुधा ओळखीचाच निघतो! असो, मुद्दा असा की ते मिश्रण बुरशी पानात शिरण्यापूर्वीच पानावर होते, आणि ताम्र असो वा गंधक, ही औषधे पृष्ठभागावरच काम करतात, त्यामुळे पान अर्धे वाळल्यावर केलेला खर्च मातीत जातो.

अध्यक्षांची चिठ्ठी आल्यामुळे उरलेले थोडक्यात सांगणे भाग आहे. दहियाची पांढरी भुकटी दिसू लागताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घेऊन पानांची खालची बाजू भिजेल अशी फवारणी करावी. अल्टरनेरियासाठी तेवढ्याच पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरावे. फरदड घेण्याचा, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक राखण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यावर गुलाबी बोंडअळीच नव्हे, तर दहियाही पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो; म्हणून डिसेंबरअखेर पीक मोडून गळलेली रोगट पाने व पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्यात आणि त्या बांधावर रचून ठेवू नयेत.