बँक बुडते, तेव्हा कोण बुडते?

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मोंढ्यातील हमाल, कापसाची पट्टी घेऊन सेलू-मानवतहून परतणारा शेतकरी, निवृत्त शिक्षक यांच्या लेखी बँक म्हणजे सावकाराच्या दारातून सुटण्याची वाट. ती वाट खचली की मुलीचे लग्न अडते आणि पाय पुन्हा त्याच दाराकडे वळतात.

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँकही कोसळली. बुडालेल्या बँकेचा कारभार अवसायकाच्या हाती जातो. तो थकलेली कर्जे वसूल करतो, मालमत्ता विकतो आणि हाती येईल ते हप्त्याहप्त्याने वाटतो. यात वर्षे लोटतात. बड्या थकबाकीदारापाशी वकील असतो; ठेवीदारापाशी केवळ पासबुक.

या दोन पडझडींनंतर १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. ही मर्यादा वाढत १९९३ मध्ये एक लाखावर आली आणि पुढे सव्वीस वर्षांहून अधिक काळ तेथेच गोठली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. बँकेच्या कर्जांचा फार मोठा वाटा एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकला होता. ठेवीदारांना मात्र प्रारंभी सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. ते रस्त्यावर उतरले. २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंधांनंतर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. कायदा जागा झाला, पण घरे उद्ध्वस्त झाल्यावर!

आणि हे संरक्षण बँकेपुरतेच. गावोगावच्या पतसंस्थांना, बहुराज्य पतसंस्थांना हा विमा लागू नाही. जादा व्याजाची पाटी पाहून तेथे ठेव ठेवणाऱ्यास हे कोणी सांगत नाही. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे. पण त्यातील मालमत्ता-जप्ती संस्था बुडाल्यावरची.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम संस्था बुडण्यापूर्वीचे आहे. वार्षिक सभेत चहापानापूर्वी लेखापरीक्षण अहवाल मागा. सर्वांत मोठे कर्जदार कोण, संचालकांशी त्यांचे नाते काय, हे विचारा. पतसंस्थेच्या ठेवींनाही विम्याचे कवच हवे, ही मागणी तालुक्या-तालुक्यांतून उठवा. सहकार हा सभासदांचा आहे. सभासद गप्प राहिले, तर तो संचालकांचा होतो.